प्लास्टिकचा पूर्णाकृती सांगाडा: डिचोलीच्या हवेत जून ते फेब्रुवारी

माल असा: १७० सेंमी उंचीचा पीव्हीसीचा मानवी सांगाडा, पाच चाकांचा लोखंडी स्टँड, ओटीपोटातून वर जाणारी दांडी. कवटीचं टोपण निघतं, खालचा जबडा स्प्रिंगवर हलतो, हात आणि पाय सुटे करता येतात. अंबाल्याहून मागवला, जीएसटी आणि वाहतूक धरून साडेअकरा हजारांना पडला. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत रोज दोन-तीन तुकड्यांचे हात त्याला लागतात. पूर्ण पावसाळा, चतुर्थीची सुट्टी आणि ऑक्टोबरची काहिली असं सगळं त्याने आता पाहिलंय, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

खोक्यावर '२०६ हाडं' असं ठळक छापलंय. मोजली तर १९९ भरतात. नसलेल्या सातांपैकी सहा कानातली: हातोडी, ऐरण आणि रिकीब, दोन्ही बाजूंची. ती न देणं समजू शकतो, रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची असते. सातवं गळ्यातलं हायॉइड, आणि ते द्यायलाच हवं होतं. हे हाड दुसऱ्या कुठल्याही हाडाला जोडलेलं नसतं, स्नायूंनी आणि बंधांनी टांगलेलं असतं, म्हणून सांगाड्यात ते अडकवायला वेगळी तार लागते. तेवढी तार वाचवलीय. बरं, १९९ हा आकडाही मन मोठं करूनच. कवटीची २२ हाडं तीन तुकड्यांत ओतलेली आहेत, शिवणीच्या रेषा बघून मोजायची. मनगटाची आठ हाडं एका लगद्यात आहेत, आणि त्यात वाटाण्याएवढं पिसिफॉर्म नुसता उंचवटा म्हणून उरलंय. परीक्षेत मनगटाची आठ हाडं विचारणार असाल तर हाताचं वेगळं मॉडेल घ्यावं लागेल.

आल्या दिवशी काय तपासायचं, ते आधी सांगतो, कारण सात दिवसांनंतर विक्रेता बदलून देत नाही. सगळ्यात पहिलं म्हणजे डावं-उजवं. आमच्या नगात दोन्ही पायांचे फिब्युला, म्हणजे नडगीशेजारची बारीक हाडं, अदलाबदल होऊन आले होते. लांबून कळत नाही. घोट्याच्या बाहेरचा उंचवटा हे फिब्युलाचं खालचं टोक. त्याच्या आतल्या अंगाला सांध्याची गुळगुळीत जागा असते आणि तिच्या मागे एक खळगा. खळगा पुढच्या बाजूला दिसला की हाड दुसऱ्या पायाचं समजावं. चार स्क्रू काढून बदलायला वीस मिनिटं लागली.

गळ्याखालच्या क्लॅव्हिकलचंही तेच. उरोस्थीकडचं, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाकडचं टोक जाड, खांद्याकडचं चपटं, आणि आतल्या बाजूचा दोन-तृतीयांश भाग पुढे फुगलेला. डावं हाड उजवीकडे लावलं तरी हे सगळं जुळतं. फक्त खांद्याकडच्या टोकाजवळची खडबडीत गाठ खाली असायला हवी ती वर येते. बोट फिरवून बघावं. गुडघ्याची वाटी टेबलावर ठेवून ओळखता येते: सांध्याची बाजू खाली, टोक आपल्यापासून लांब. वाटी ज्या बाजूला कलते त्या पायाची, कारण बाहेरचा पैलू मोठा असतो. ही युक्ती प्लास्टिकच्या वाटीवरही चालली, म्हणजे साचा चांगल्या हाडावरून घेतलाय. मांडीचं हाडही मोजलं, ४५ सेंमी. या उंचीला ते बरोबर आहे. खांद्याचं पातं दुसऱ्या ते सातव्या बरगडीवर यायला हवं. आमचं एक बरगडी खाली उतरलं होतं, वॉशर घालून वर घेतलं.

पाठीचा कणा मात्र या किमतीत अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. मणके सुटे आहेत आणि तिन्ही भागांतला फरक हाताला कळतो. मानेच्या सातही मणक्यांना दोन्ही बाजूंची छिद्रं आरपार आहेत, स्वस्त मालात ती अनेकदा बुजलेली असतात. पाठीच्या बारांवर बरगडी टेकायचे पैलू स्पष्ट आहेत, कंबरेचे पाच जाडजूड. मानेच्या पहिल्या मणक्याला, अॅटलासला, बुंधा नाही आणि दुसऱ्याला, अॅक्सिसला, वर खुंटी आहे, हे मुलांना एकदा बोट घालून बघू दिलं की पुन्हा सांगावं लागत नाही. खटकतं ते एकच: कंबरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यात सरकलेली चकती लाल रंगात दाखवलीय. ती फिजिओथेरपीवाल्यांसाठी. बारावीची मुलं ती आकृतीत प्रत्येकालाच काढतात.

मणक्यांमधल्या चकत्या मऊ रबरी आहेत आणि त्या दबतात. डिसेंबरपर्यंत सांगाडा दीड सेंमीने बुटका झाला आणि डोकं डुगडुगायला लागलं. दांडी कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून आत येते आणि तिथे नट असतो. टोपण काढून तो दीड फेरा आवळला की मान ताठ. जास्त आवळू नका, चकत्या बाहेर फुगतात.

आता बरगड्या, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच खाल्ला. वरच्या सात जोड्या स्वतःच्या कूर्चेने उरोस्थीला पोचतात, आठवी ते दहावी वरच्या कूर्चेला चिकटतात, अकरावी-बारावी पुढे मोकळ्या. आमच्या नगात दहाव्या बरगडीची कूर्चा उजवीकडे जोडलेलीच नव्हती. परिणाम असा की एका तुकडीने तरंगत्या बरगड्या डावीकडे दोन आणि उजवीकडे तीन लिहिल्या, आणि समोर जे दिसत होतं त्याप्रमाणे ते बरोबरच होतं. झटपट चिकटणारा गोंद इथे लावू नये. कूर्चा लवचिक, गोंद वाळून काचेसारखा कडक, आठवड्याभरात तडकतो. आम्ही दोन्ही टोकांना एक मिलिमीटरचं छिद्र पाडलं आणि गरीच्या तंगुसाने दोन टाके घातले. अजून पक्के आहेत.

अकरावी-बारावी एकेका स्क्रूवर मागे टांगलेल्या आहेत, पुढून आधार नाही. त्यात मुलं सांगाडा सरकवताना नेमकी छातीलाच धरतात. स्क्रूचं भोक मोठं होतं आणि बरगडी खाली लोंबते. भोकात काडेपेटीची काडी गोंदासकट ठोकून परत स्क्रू लावणं हा सुताराचा उपाय इथे लागू पडला. सरकवताना दांडीला धरायचं, अशी चिठ्ठी स्टँडवर डकवलीय, वाचतं कोण ते माहीत नाही.

पुढच्या हाताची दोन्ही हाडं खाली-वर स्क्रूने घट्ट आवळलेली येतात. त्यामुळे तळवा पालथा करताना अंगठ्याकडची रेडियस करंगळीकडच्या अल्नावरून कशी फिरते, हे दाखवता येत नाही, आणि या सांध्यात शिकवण्यासारखं तेच तर असतं. मनगटाकडचा स्क्रू काढून त्याच भोकांतून तीन मिलिमीटरची इलॅस्टिक दोरी ओवली. आता फिरते. हा बदल पहिल्या दिवशीच करून घ्या.

नावं शिकवायला सांगाडा उत्तम, पण हाडांचे प्रकार शिकवायला जवळपास निरुपयोगी. लांब, आखूड, चपटी, अनियमित आणि स्नायुबंधात तयार होणारी ही विभागणी नुसत्या बाहेरच्या मापावर नाही, आणि प्लास्टिक आतून सगळीकडे सारखंच भरीव. म्हणून मुलं बोटांची पेरं बिनदिक्कत 'आखूड' मध्ये टाकतात. प्रत्येक पेराला दांडा आणि दोन टोकं असतात, म्हणून ती लांब हाडं. क्लॅव्हिकल लांब, जरी तिच्यात मज्जेची पोकळी सहसा नसते. बरगडी वाकडी असली तरी चपट्यांत. खरी आखूड म्हणजे मनगटाची आणि घोट्याची. वाटी पाचव्या प्रकारातली.

ही उणीव बाजार भरून काढतो, आणि फुकटात. मटणवाल्याला बकऱ्याच्या मांडीचं हाड उभं चिरून द्यायला सांगा: मधली पोकळी, टोकाची जाळी आणि बाहेरचा टणक थर एका नजरेत. पाय सुपासाठी आणता त्यातलं खुरावरचं नळीचं हाड बाजूला काढा. ते तिसरं आणि चौथं तळहाड मिळून एक झालेलं असतं, मधली खाच दिसते आणि खाली दोन टोकं राहतात. सांगाड्याच्या तळहातातल्या पाच सुट्या हाडांशेजारी ते ठेवलं की पृष्ठवंशीयांत एकच आराखडा कसा बदलतो ते वेगळं सांगावं लागत नाही. इसवण माशाचा मणका दोन्ही बाजूंनी वाटीसारखा खोल असतो, माणसाचा सपाट. मोरी या शार्क माशात तर हाडच नाही, सगळी कूर्चा. आमटीत टाकण्याआधी कण्याचा एक तुकडा दाखवून घ्यावा.

कोंबडी गावठीच आणा, म्हातारी मिळाली तर बरं. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आतबाहेर कापतात, तोवर हाडांची टोकं कूर्चेचीच असतात आणि शिजवली की सुटून येतात. म्हाताऱ्या कोंबडीत छातीच्या हाडाचा उभा कंगोरा धारदार, दोन्ही क्लॅव्हिकल जुळून झालेलं व्हीच्या आकाराचं हाड अखंड, आणि दंडाच्या हाडात वरच्या टोकाशी हवेचं छिद्र स्पष्ट. मांस काढून हाडं मंद आचेवर तासभर ठेवा, खळखळ उकळू नका. मग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात तीन-चार दिवस, पाणी रोज बदलायचं, तेल निघेपर्यंत. शेवटी तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक दिवस आणि सावलीत वाळवण. ब्लीच वापरलं तर हाड पांढरं होतं खरं, पण आतलं कोलॅजेन खाल्लं जातं आणि हाड खडूसारखं भुगा व्हायला लागतं. हे काम जून-जुलैत काढू नका, वाळायच्या आधी बुरशी धरते. आणि पहिल्या पावसात बेडूक कितीही दिसोत, सांगाड्यासाठी त्यांना हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. बेडकाची जुळलेली रेडियस-अल्ना चित्रातच दाखवा.

हवेबद्दल. प्लास्टिकला काही झालं नाही, लोखंडाचं वाटोळं झालं. जुलै अखेरीस जबड्याच्या स्प्रिंगा, खुब्याचे हुक आणि दोन चाकं गंजली, आणि गंजाचे ओघळ नितंबाच्या हाडावर उतरले. लिंबाचा रस दहा मिनिटं ठेवून पुसल्यावर डाग गेले. चतुर्थीच्या सुट्टीत खोली बंद राहिली, उघडली तेव्हा बरगड्यांच्या आतल्या बाजूला करडी बुरशी. ती प्लास्टिकवर नाही, हातांच्या तेलावर आणि धुळीवर वाढते. कोमट साबणपाणी, मऊ टूथब्रश, कोरडा कपडा, संपलं. अॅसिटोन किंवा थिनर चुकूनही नको, पृष्ठभाग विरघळून चिकट होतो. सोबत येणारं प्लास्टिकचं आवरण फेकून जुनी सुती चादर घाला, आवरणाखाली दमटपणा कोंडतो. सगळे स्क्रू आणि हुक ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घालायला हार्डवेअरच्या दुकानात साडेतीनशे रुपये लागले. ते जूनमध्येच घालायला हवे होते. खिडकीतल्या उन्हापासूनही लांब ठेवा, ऑक्टोबरमध्ये चार दिवस ऊन लागलेला डावा तळहात बाहेर वाकलाय आणि गरम पाण्यात बुडवून दाबला तरी पूर्ण सरळ होत नाही.

पुन्हा घ्यायचा झाला तर कवटीच्या हुकाने टांगणारा स्टँड घेईन. ओटीपोटाच्या दांडीमुळे त्रिकास्थी, म्हणजे कण्याच्या तळाचं तिकोनी हाड, मागून नीट दिसत नाही, आणि माकडहाड दाखवताना बोट दांडीलाच अडतं. याच किमतीत मिळत असेल तर हाताची हाडं सुटी ओवलेला नमुना मागा, भले त्यात लाल चकती नसो. पाचपैकी साडेतीन. उजवी अकरावी बरगडी या आठवड्यात पुन्हा सैल झालीय, काडेपेटी टेबलाच्या खणात आहे.