तीनशे रुपयांच्या आतल्या भेटवस्तू : अकरा महिन्यांनी कोणत्या अजून वापरात आहेत

गेल्या संक्रांतीपासून मी एक वही ठेवली आहे. कुणाला काय दिलं, कुठून घेतलं, केवढ्याला पडलं, हे त्यात लिहायचं आणि पुढे त्या घरी जाणं झालं की ती वस्तू कुठे आहे ते पाहायचं. विचारायचं नाही. विचारलं की सगळे "छान आहे हो" म्हणतात. ती ओट्यावर आहे, माळ्यावर गेली आहे की आणखी कुणाच्या घरी गेली आहे, हे नुसत्या नजरेनेही कळतं.

आमच्याकडे देणंघेणं भरपूर. वाण, राखी, भाऊबीज, बारशी, मुंजी, सोसायटीतल्या मुलांचे वाढदिवस. हे सगळं महिन्याच्या खर्चातूनच काढायचं असतं, त्यामुळे एका भेटीला तीनशे रुपयांच्या वर जायचं नाही असं मी ठरवलं होतं. तेवढ्या पैशात चांगली वस्तू मिळते, असा माझा अनुभव आहे. पण ती शोधावी लागते, हातात घेऊन पाहावी लागते.

सुरुवात वाणापासून करते, कारण सगळ्यात जास्त नग त्याचेच लागतात. 2025 च्या हळदीकुंकवाला मी स्टीलच्या चहाच्या गाळण्या लुटल्या. तीन डझन घेतल्या. पुण्यात तुळशीबागेत तशीच गाळणी साठ रुपयांना सांगत होते. तिथून पुढे रविवार पेठेत बोहरी आळीकडे गेले, तर डझनाच्या भावाने ती अडतीसला पडली. छत्तीस गाळण्यांचे 1368 रुपये झाले. तुळशीबाग मला मनापासून आवडते, एखादा नग घ्यायचा तर तिच्यासारखी जागा नाही. पण वाणासारखं घाऊक घ्यायचं असेल तर दहा-पंधरा मिनिटं जास्त चालून रविवार पेठ गाठावी.

गाळणी घेताना मी तीन गोष्टी पाहिल्या. जाळी कडेच्या पट्टीत दुमडून दाबलेली आहे की नुसती चिकटवली आहे. दांडा कडेला एका ठिकाणी जोडलाय की दोन ठिकाणी. आणि समोरच्या बाजूला कपावर टेकायला कान आहे की नाही. जाळीच्या मधोमध अंगठ्याने जरा जोर देऊन दाबलं की कच्चा माल तिथेच कळतो, कडेची जाळी सुटायला लागते. दुकानदाराने पहिला खोका काढला त्यातल्या चार तशाच निघाल्या. मी दाखवल्यावर त्यांनी कुरकुर न करता आतून दुसरा खोका आणला.

वर्षभरात त्यातल्या अकरा घरी मी चहा प्यायले. नऊ घरी तीच गाळणी ओट्याजवळ अडकवलेली होती. एका घरी ती अजून पिशवीतच होती आणि एका घरी जाळी सुटली होती. आमच्या समोरच्या काकूंकडची गाळणी मी मुद्दाम हातात घेऊन पाहिली. चहाने जाळी तपकिरी झालेली, दांड्याच्या जोडाशी साखरेचा चिकट थर, पण जोड जसाच्या तसा. दिवसातून चार वेळा वापरात असलेली अडतीस रुपयांची वस्तू आहे ती. त्याच्या आदल्या वर्षी मी रंगीत प्लास्टिकच्या डब्या दिल्या होत्या, दिसायला गाळणीपेक्षा कितीतरी छान. त्यातली एकही मला आज कुणाच्या फडताळात दिसत नाही. झाकणाचे कान महिन्या-दोन महिन्यांत तुटले.

आता जिथे पैसे गेले ते. राखीला मी वहिनीलाही काहीतरी देते. जुलैत एका ऑनलाइन सेलमध्ये तांब्याची एक लिटरची बाटली दिसली. 999 वर काट मारून 289 लिहिलेलं. घेतली. घरी आल्यावर सहज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर झाकणासकट 170 ग्रॅम. तेव्हाच परत पाठवायला हवी होती. पत्रा इतका पातळ की बोटाने दाबला तर आत जाई. ऑक्टोबरात वहिनीच्या ऑफिसच्या बॅगेत मानेच्या जोडातून पाणी पाझरलं आणि तिची कागदपत्रं भिजली. तिने ते मला सांगितलंही नाही, भावाकडून कळलं. फार वाईट वाटलं. भेट दिलेल्या वस्तूने समोरच्याचं नुकसान व्हावं, याइतकं वाईट काही नाही.

दिवाळीच्या आधी कसबा पेठेत तांबट आळीत गेले. तिथे तांबं वजनावर घेता येतं. बाटली माझ्या तीनशेत बसणारी नव्हती, म्हणून एक फुलपात्र घेतलं, मठारलेलं, 280 रुपयांना. हातोडीचे ठोके एकाशेजारी एक इतके नेटके बसलेले की बोट फिरवलं तर खवल्यांसारखे लागतात. ही मठार नुसती शोभेची नसते. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, भांडं सहज चेपत नाही. वहिनी रात्री त्यात पाणी भरून ठेवते. तिला एवढंच सांगितलं की ताक, लिंबाचं सरबत असलं आंबट काही यात ठेवायचं नाही आणि काळं पडलं की चिंच-मीठ लावून घासायचं. त्या बाटलीच्या किमतीतच हे फुलपात्र आलं, नऊ रुपये कमीच पडले.

तेव्हापासून धातूची कुठलीही वस्तू घेताना मी आधी वजन विचारते. "सेट केवढ्याला" या प्रश्नाला काही अर्थ नाही. ऑनलाइन घेत असाल तर तपशिलात वजन दिलेलं असतं का ते पाहा. दिलेलं नसेल तर मी घेत नाही.

स्टीलच्या बाबतीत एक गैरसमज जाता जाता दूर करायला हवा. बरेच दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, "बघा ताई, चिकटत नाही, म्हणजे एक नंबर माल." चिकटला तर ते हलकं स्टील असू शकतं हे खरं, पण चिकटला नाही म्हणजे उत्तम असं मुळीच नाही. 304 नंबरचं चांगलं स्टील आणि 202 नंबरचं स्वस्त स्टील, दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही. 202 मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, त्यामुळे ते लवकर गंजतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी गुढीपाडव्याला दोन पुडाचा डबा दिला होता, चुंबकाची परीक्षा पास झालेला. श्रावणात त्याच्या खटक्यापाशी तांबूस डाग पडले. मावशी रोज त्यात पोळी-भाजी आणतात, आमटीही असते. आता डब्याच्या बुडाशी नंबर ठोकलेला आहे का ते पाहते आणि बिलावर तो लिहून मागते. बिलावर लिहायला दुकानदार का-कू करू लागला की मी पुढच्या दुकानात जाते. मावशींना दिवाळीला दुसरा डबा बदलून दिला, 304 चा, एकाच पुडाचा, 295 रुपयांना. दोन पुडांचा तेवढ्यात येत नाही.

खणाच्या पाऊचबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण सध्या जो तो तेच देतो. एप्रिलमध्ये मामेबहिणीच्या डोहाळजेवणाला बारा पाऊच घेतले, सत्तरला एक. दिसायला सुरेख, गर्द जांभळ्यावर हिरवी किनार. जूनपर्यंत बारातल्या पाच जणींच्या चेनी बिघडल्या. एक पाऊच मी उलटा करून पाहिला. आत अस्तर नव्हतं, कापडाच्या कडा तशाच सोडलेल्या, धागे सुटून चेनच्या दातांत अडकत होते. चेन वाईट नव्हती, शिलाई वाईट होती. खण कापला की कडा उसवतात, त्याला आतून गोट किंवा अस्तर लागतंच.

मग मी वेगळा मार्ग धरला. लक्ष्मी रोडवरून खणाचं कापड आणलं, अस्तराला घरातल्या जुन्या सुती साड्या काढल्या आणि आमच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या ताईंना दिलं. कापड, चेन आणि शिलाई धरून एक पाऊच 95 ला पडला. पंचवीस रुपये जास्त. ऑगस्टमध्ये दिलेले आठही आज धड आहेत, आणि ताईंना पावसाळ्यात, हाताला काम नसतं त्या दिवसांत, चार पैसे मिळाले. विकतच घ्यायचे असतील तर दुकानात पाऊच उलटा करून पाहाच. दुकानदाराला राग आला तरी चालेल.

सोलापुरी टॉवेल ही माझ्या मते दोनशेच्या आसपासची सर्वांत विश्वासाची भेट. सोलापूरच्या टेरी टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन आहे. आमच्या वॉचमन काकांना पाडव्याला 220 चा दिला. केबिनमागच्या दोरीवर तो रोज वाळत असतो, म्हणजे त्याचा अनुभव मला फुकटात रोज पाहायला मिळतो. निळा रंग जरा उतरलाय, एका कोपऱ्यातले दोन-तीन फासे ओढले गेलेत, बाकी टॉवेल भक्कम. देताना इतकंच सांगायचं की पहिली दोन धुणी होईपर्यंत तो पाणी नीट टिपत नाही. नाहीतर लोकांना वाटतं, स्वस्तातला आणला.

मुलांच्या वाढदिवसाला पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी चित्रमय पुस्तकं अजूनही इतक्या कमी किमतीत मिळतात की शंभरात दोन-तीन येतात. सोसायटीतल्या एका सहा वर्षांच्या मुलीला दिलेल्या पुस्तकाची पानं आता सुटी झाली आहेत, तिच्या आईने ती दोऱ्याने शिवली आहेत. वहीत मी त्या नोंदीपुढे दोन चांदण्या काढल्या आहेत.

फोटो छापलेला मग, सुगंधी मेणबत्त्या आणि बॅटरीवरच्या पणत्या यांवर पैसे घालवू नका. मगवरचा फोटो चार महिन्यांत फिकटला, मेणबत्त्या कुणी पेटवल्याच नाहीत.

घासाघिशीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दुकानात, डझनाने घेताना, खुशाल भाव करावा. सकाळी भवानीच्या वेळेला गेलं तर दुकानदार पहिलं गिऱ्हाईक सहसा परत पाठवत नाही. पण म्हणून त्याची अडवणूकही करू नये. फुटपाथवर स्वतः बनवलेल्या पणत्या, झाडू, टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांशी मी भाव करत नाही. तिथे वाचवलेल्या दहा रुपयांनी माझं काही होत नाही, त्यांच्या दिवसाच्या कमाईत मात्र ते मोठे असतात.

पाकिटावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. एका दुकानात मला एमआरपीवर "जीएसटी वेगळा" सांगितला. मी शांतपणे 1915 या ग्राहक हेल्पलाइनचं नाव काढलं आणि तो जीएसटी लगेच बिलातून निघून गेला. एमआरपी ही वरची मर्यादा आहे, त्याच्या खाली मागायला काहीच हरकत नाही. आणि सेलमधली काट मारलेली किंमत कधीच धरू नका. हवी ती वस्तू महिनाभर आधी पाहून तिचा भाव लिहून ठेवा. मी वहीत असा भाव लिहून ठेवलेल्या सहापैकी चार वस्तू सेलमध्ये आधीच्याच भावाला होत्या.

आता समोर 2026 ची संक्रांत आहे. यंदा हळदीकुंकवाला दिवस थोडे आहेत. 2025 मध्ये रथसप्तमी 4 फेब्रुवारीला होती, 2026 मध्ये ती 25 जानेवारीलाच येते आहे. म्हणजे 14 तारखेपासून जेमतेम बारा दिवस, आणि सगळ्यांची खरेदी एकदमच. डिसेंबर उरकायच्या आत वाण घेऊन ठेवा, गर्दीत भावही चढतो आणि वस्तू पाहूही देत नाहीत.

मी गेल्या शनिवारी जाऊन आले. यंदा पोळ्या भाजायचे स्टीलचे चिमटे. भांड्यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, त्याची आठवण करून दिली तर दुकानदाराने नगामागे दोन रुपये कमी केले. 42 ला पडला. दुकानाच्या पायरीवर बसून छत्तीसही चिमटे उघडून-मिटून पाहिले. पाच चिमट्यांची रिव्हेट हलत होती, ते बदलून घेतले. आणि दोन गाळण्या वेगळ्या घेतल्या: एक जिची जाळी सुटली तिच्यासाठी, एक समोरच्या काकूंच्या सुनेने नव्या घरासाठी मागितली म्हणून.