फ्रेडचे आलेख आणि माझी आलेखवही: काही महिन्यांच्या वापरानंतर

बाजार, महागाई, रुपया, सोनं हे सगळं साध्या आलेखांतून समजून घ्यायचं ठरवलं तेव्हा मी दोनच साधनं हाताशी धरली. एक म्हणजे ‘फ्रेड’. अमेरिकेच्या सेंट लुईस इथल्या फेडरल रिझर्व्ह बँकेचं हे संकेतस्थळ आकडे आणि आलेख फुकट दाखवतं. दुसरी म्हणजे इंजिनिअरिंगची पोरं वापरतात ती आलेखवही. मी बेळगावात राहते, उद्यमबागेतल्या कास्टिंगच्या एका कारखान्यात हिशेब बघते. अर्थशास्त्र शिकलेली नाही. पगारातून महिन्याला थोडे पैसे इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात) जातात, थोडे ठेवीत, आणि घरी सोनं कधी घ्यायचं हा विषय दर सणाला निघतो. एवढ्या माणसाला या साधनांचा काय उपयोग होतो, ते लिहिते.

आधी मोबाइलवर शेअर बाजाराचं एक ॲप होतं. त्यात दर मिनिटाला हलणाऱ्या लाल-हिरव्या कांड्या, त्यावर पाच-सहा रंगांच्या रेघा, आणि मधूनच ‘आता खरेदीची संधी’ असा निरोप. मला बाजार समजावा यासाठी ते बनवलेलंच नाही, मी सारखे व्यवहार करावेत यासाठी बनवलंय, असं माझं स्पष्ट मत आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे, करणाऱ्या 93 टक्के व्यक्तींना तीन वर्षांत तोटा झाल्याचं दिसलं. आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ऑप्शनच्या गप्पा मारणाऱ्या पोरांना मी हा आकडा वारंवार सांगते, आणि सांगत राहणार.

फ्रेडवर यातलं काही नाही. पांढऱ्या पानावर एक निळी रेघ. अमेरिकेतल्या मंदीच्या काळावर राखाडी पट्टे. बघायला खातं उघडावं लागत नाही, आलेख साठवून ठेवायचे असतील तरच लागतं. आकडे एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात. मी सुरुवात रुपया-डॉलरच्या रेघेपासून केली, कारण ती तिथं 1973 पासून रोजच्या रोज आहे. डावीकडं सुमारे आठ रुपये, मग जुलै 1991 मध्ये सरकारनं दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन केलं तिथं सरळ उभी उडी, साधारण 21 वरून 26 च्या आसपास. आणि उजव्या टोकाजवळ डिसेंबर 2025, रुपयानं नव्वदी ओलांडली तो महिना.

ही रेघ साधी बघितली तर छातीत धस्स होतं. पण ‘एडिट ग्राफ’मध्ये गेलं की लॉग स्केल करायची सोय आहे, आणि एवढी एकच गोष्ट शिकायची असली तरी हे संकेतस्थळ उघडावं असं मी म्हणेन. साध्या पट्टीवर 10 वरून 20 आणि 80 वरून 90 यांची उंची सारखीच दिसते. खरं तर पहिल्यात दुप्पट झालं, दुसऱ्यात फक्त साडेबारा टक्के. लॉग स्केलवर सारख्या टक्क्यांना सारखी उंची मिळते. तसं केल्यावर कळलं की 1991 नंतरच्या चौतीस वर्षांत डॉलर वर्षाला सरासरी साडेतीन-पावणेचार टक्क्यांनी महागलाय, आणि ऑगस्ट 2013 च्या 68 पासून नव्वदीपर्यंतचा चढ त्या सरासरीपेक्षाही सौम्य आहे. ‘रुपया गडगडला’ हा मथळा वाचून आता मी आधी ही रेघ उघडते.

सेन्सेक्सचं तेच. तो फ्रेडवर नाही, म्हणून मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून महिनाअखेरचे आकडे घेऊन वहीत काढला. 85,000 ची उंची 20 सेंटीमीटर धरली, तर 22 एप्रिल 1992 चा 4,467 हा आकडा तळापासून जेमतेम एक सेंटीमीटरवर येतो. पेन्सिलीचं टोक जाड असेल तर दिसणारही नाही. हर्षद मेहताच्या काळातली ती तेजी, चार महिन्यांत दुपटीहून जास्त, आणि मग वर्षभरात जवळजवळ निम्म्यावर आलेला बाजार, हे सगळं त्या एका सेंटीमीटरात गाडलं जातं. मग सेमी-लॉग कागद (उभी पट्टी लॉग स्केलची, आडवी साधी) आणून त्यावर पुन्हा काढला, तेव्हा 1992 चा सुळका 2008 च्या पडझडीशेजारी नीट उभा राहिला. ज्यांनी त्या वर्षी वरच्या टोकाला पैसे घातले त्यांचं काय झालं असेल, हे सांगायला आता शब्द लागत नाहीत.

‘शेअर बाजार शेवटी वरच जातो’ असं म्हणणाऱ्यांना मी फ्रेडवरचा निक्केई, म्हणजे जपानचा शेअर निर्देशांक, दाखवते. 29 डिसेंबर 1989 ला 38,915 वर बंद झाला, आणि ती पातळी पुन्हा ओलांडायला 22 फेब्रुवारी 2024 उजाडला. चौतीस वर्षं. यात लाभांश धरलेला नाही, आणि दर महिन्याला थोडं थोडं घेणाऱ्याची गत इतकी वाईट झाली नसती, हेही सांगायला हवं. तरी ती दरी एकदा डोळ्यांनी बघितली की सगळी पुंजी एकाच ठिकाणी, एकाच दिवशी घालायचा विचार मनात येत नाही.

आता आमच्या भागाचा विषय, ऊस. यातच मला वहीचा सर्वांत जास्त उपयोग झाला.

नोव्हेंबर 2025 मध्ये मूडलगी तालुक्यातल्या गुर्लापूरला शेतकरी टनाला 3,500 रुपये मागत रस्त्यावर बसले होते. शेवटी सरकारनं तोडणी-वाहतूक वगळून 3,300 चा तोडगा काढला. माझ्या मामांचा चिक्कोडीकडं ऊस आहे. त्या दिवसांत घरी रोज एकच वाद: कारखानदार लुटतात, की कारखान्यांनाच परवडत नाही? मी तीन रेघा काढल्या. पहिली एफआरपीची, म्हणजे कारखान्यांनी उसाला द्यायच्या, केंद्र सरकारनं ठरवलेल्या किमान दराची. 2018-19 ला क्विंटलला 275 रुपये, पुढच्या वर्षी तेवढाच, मग 285, 290, 305, 315, 340, आणि 2025-26 ला 355. जिन्यासारखी पायरी-पायरीनं चढणारी रेघ. दुसरी साखरेच्या किमान विक्री दराची. फेब्रुवारी 2019 मध्ये तो किलोला 31 रुपये झाला आणि 2025 च्या शेवटपर्यंत हललाच नाही, म्हणून ही रेघ अगदी आडवी. तिसरी किरकोळ महागाईच्या निर्देशांकाची, 2018 च्या शेवटी साधारण 140, आणि 2025 च्या शेवटी 197 च्या आसपास.

रुपये, किलो आणि निर्देशांक एका कागदावर बसत नाहीत. तिथं फ्रेडवर शिकलेली दुसरी युक्ती कामी आली: सगळ्यांची सुरुवात 100 धरायची. तसं केल्यावर साखरेचा किमान दर 100 वरच, एफआरपी 129, आणि महागाई 140. मामांनी कागद बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, “म्हणजे आम्हीबी मागं, आणि कारखानाबी मागं. मग चूक कुणाची गं?”

“मामा, ते या कागदावर लिहिलेलं नाही,” एवढंच मी म्हणाले. पण वादाची दिशा बदलली. कोण लबाड यापेक्षा हा 31 चा आकडा इतकी वर्षं का हलला नाही, हा प्रश्न पुढं आला. किमान दर म्हणजे तळ, बाजारात साखर त्याच्या वरच विकली जाते, हे मी कोपऱ्यात लिहून ठेवलंय. आणखी एक खूण केलीय 2022-23 वर. तिथं एफआरपीचा पायाभूत उतारा, म्हणजे तो दर मिळायला उसातून जेवढी साखर निघायला हवी ते प्रमाण, 10 वरून 10.25 टक्के झाला, त्यामुळं त्या वर्षाची पायरी दिसते तेवढी उंच नाही. अशा खुणा नसलेला आलेख कुणी दाखवला तर मी आधी त्याच विचारते.

मग फ्रेडवरची जागतिक साखरेची रेघ उघडली. नोव्हेंबर 2023 मध्ये ती पौंडाला 27 सेंटच्या आसपास, बारा वर्षांतल्या उच्चांकाजवळ. आमच्या शेतकऱ्याला त्यातलं काय मिळालं? त्याच काळात केंद्रानं निर्यात रोखून धरली होती. जगात भाव असतानाही इथं का नव्हता, याचं निम्मं उत्तर त्या रेघेत, आणि निम्मं रेघेबाहेरच्या सरकारी निर्णयात.

सोन्याचंही असंच. फ्रेडवर सोन्याचा भाव आता मिळत नाही, तो मी वर्तमानपत्रातून रोज वहीत टिपते. शहापुरातल्या सराफाच्या पाटीवर जो आकडा दिसतो, त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: डॉलरमधला जागतिक भाव, रुपयाचा दर, आणि आयात शुल्क. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं आणि सोनं एका दिवसात काही हजारांनी उतरलं. आमच्या भिशीतल्या बायका म्हणाल्या, सोनं पडायला लागलं, आता थांबूया. जागतिक रेघ शेजारी ठेवली तर तसा मोठा उतार तिकडं नव्हताच. पडलं होतं ते शुल्क. तेव्हापासून सोन्याचं पान मी तीन ओळींत विभागलंय.

ठेवीबद्दल थोडक्यात. व्याजदरातून महागाई वजा करून उरेल त्याची रेघ काढायची. 2020-21 मध्ये मोठ्या बँकांची वर्षभराची ठेव पाच टक्क्यांच्या आसपास होती आणि सरासरी महागाई 6.2 टक्के. रेघ शून्याखाली. पासबुकात व्याज जमा होत असताना पैशाची किंमत घटत होती.

आलेखांवर किती विसंबावं, हेही फ्रेडनंच शिकवलं. अमेरिकेच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्याच्या व्याजातून दोन वर्षांचं व्याज वजा केलेली एक प्रसिद्ध रेघ तिथं आहे. ती शून्याखाली गेली की मंदी येते म्हणतात. 2000 साली गेली, मागोमाग राखाडी पट्टा. 2006-07 मध्ये गेली, पुन्हा पट्टा. जुलै 2022 मध्ये गेली आणि दोन वर्षांहून जास्त खालीच राहिली, पण आजवर तरी पट्टा उमटलेला नाही. कुणी एकाच रेघेवरून भाकीत सांगायला लागलं की मी हे पान काढते. तसंच लॉग स्केलचं: एप्रिल 2020 मध्ये अमेरिकन कच्चं तेल उणे 37 डॉलरच्या आसपास गेलं होतं, आणि उणे आकडा लॉग स्केलवर बसूच शकत नाही. तिथं साधी पट्टीच हवी.

मर्यादा माहीत असाव्यात. फ्रेड मुळात अमेरिकेच्या आकड्यांचं, आणि सगळं इंग्रजीत. एस अँड पी 500 हा अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा शेअर निर्देशांक परवान्याच्या अटीमुळं मागची दहा वर्षंच दिसतो. भारताच्या महागाईसाठी सांख्यिकी मंत्रालय आणि व्याजदरांसाठी रिझर्व्ह बँक, हेच मूळ घर धरावं. महागाईचा आकडा दर महिन्याच्या 12 तारखेला येतो, ती तारीख मी पंचांगावर लिहून ठेवलीय. मोबाइलवर काम भागतं, पण दोन रेघा तुलना करायच्या तर कंप्यूटरच बरा. आणि दोन वेगळ्या रेघांना डावी-उजवी अशा दोन पट्ट्या देता येतात ती सोय मी टाळते. पट्ट्या हव्या तशा ओढून कुठल्याही दोन रेघा एकमेकींना चिकटवून दाखवता येतात. 100 पासून सुरुवात करण्यात ती पळवाट नाही, फक्त सुरुवातीचं वर्ष सोयीनं निवडलेलं नाही ना, एवढं तपासायचं.

उद्या कुठला शेअर चढेल हे हवं असणाऱ्यांच्या हे काही उपयोगाचं नाही. पतसंस्थेत ठेव ठेवणारे, ऊस लावणारे, वर्कशॉप चालवणारे, लग्नासाठी सोनं साठवणारे यांनी मात्र जरूर वापरावं. कास्टिंगवाल्यांनी तिथल्या ॲल्युमिनियम आणि लोहखनिजाच्या मासिक भावांच्या रेघा बघाव्यात, ग्राहकाशी दर ठरवताना मला त्या फार कामी येतात. सुरुवात रुपया-डॉलरपासून करा, लगेच लॉग स्केल लावा, आणि वहीत हातानं एक तरी आलेख काढा. साधा आलेखकागद खडे बाजारात कुठल्याही स्टेशनरीत मिळतो, सेमी-लॉग मात्र इंजिनिअरिंग कॉलेजच्या आसपासच्या दुकानांत विचारावा लागतो.