बीपीचं मशीन: सात महिन्यांचा वापर, आणि पट्ट्याची गोष्ट

गेल्या दिवाळीनंतर नौपाड्यातल्या एका सर्जिकलच्या दुकानातून मी दंडावर बांधायचं डिजिटल बीपी मशीन घेतलं. मशीनचे 1,850 रुपये आणि मोठ्या पट्ट्याचे वेगळे 650. सात महिने जवळजवळ रोज वापरतेय. स्वतःवर, ह्यांच्यावर आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये जो येईल त्याच्यावर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू पडेल.

मी 31 वर्षं सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या उपकेंद्रांवर आरोग्य सेविका होते. निवृत्तीनंतर मुलाकडे कळव्याला आले. तिकडे मी सिस्टर होते, इथे काकू आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत पाऱ्याचं यंत्र एसटीत मांडीवर घेऊन फिरलेय. खड्ड्यात गाडी आदळली की जीव आधी यंत्रासाठी धसकायचा. त्यामुळे मशीन विकत घेताना मी जरा चिकित्सा केली.

दुकानातल्या मुलाने तीन मशीन काउंटरवर मांडली. मनगटावरचं सगळ्यात स्वस्त. "काकू, हे न्या, बाही वर करायची भानगड नाही," म्हणाला. ते मी घेतलं नाही. मनगट बरोबर छातीच्या उंचीवर धरलं तरच ते खरं बोलतं, आणि माणसं हात मांडीवर ठेवून मोजतात. हात हृदयाच्या खाली लोंबला की आकडा वर चढतो. मग मी खोकं उलटं करून परवाना क्रमांक पाहिला. 1 जानेवारी 2021 पासून बीपी मशीन, ग्लुकोमीटर, डिजिटल थर्मामीटर या वस्तू औषध कायद्याच्या कक्षेत आल्या आहेत. त्यामुळे खोक्यावर परवान्याचा नंबर नसेल तर ते मशीन तिथेच ठेवावं.

त्यानंतर पर्समधून मापाची टेप काढली. माझ्या दंडाचा घेर 27 सेंटिमीटर, ह्यांचा 34. मशीनसोबतच्या पट्ट्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं: 22 ते 32. म्हणजे माझ्यासाठी ठीक, ह्यांच्यासाठी नाही. मुलगा म्हणाला, थोडा ताणला की बसतो. मी म्हटलं, बसतो रे, पण खोटं सांगतो. तो आत गेला, बराच वेळ खुडबुड केली आणि 32 ते 42 चा एकच पट्टा घेऊन आला. त्या पोरावर मी खूश आहे. त्याने मला स्टुलावर बसवून वीस मिनिटं तीनही मशीन लावून बघू दिली, तोंड वाकडं केलं नाही. मार्चमध्ये मशीनचे सेल घ्यायला परत गेले तर काउंटरच्या खिळ्याला टेप टांगलेली होती.

आता मशीनचा खरेपणा. 1905 साली कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरने दाखवून दिलं, की पट्ट्याचा दाब हळूहळू सोडताना रक्तवाहिनीतून ठोके ऐकू येऊ लागतात तो वरचा आकडा आणि ऐकू यायचे थांबतात तो खालचा. आम्ही जन्मभर तेच केलं, कानाने. हे मशीन ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेला नाडीचे जे धक्के बसतात ते ओळखतं आणि आतल्या हिशोबाने दोन्ही आकडे काढतं. म्हणून ते कानाशी ताडून बघितल्याशिवाय मला चैन पडेना. माझ्याकडे डायलचं यंत्र आणि स्टेथोस्कोप आहे. आधी डायल तपासून घेतला. मग आठ दिवस ह्यांच्या एकाच हातावर, दोन-दोन मिनिटं थांबून, एकदा कानाने आणि एकदा मशीनने, असं तीन-तीनदा मोजलं. फरक दोन ते सहा आकड्यांच्या पुढे गेला नाही. घरच्या वापराला हे चांगलं आहे.

पण ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसले, ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं. अंगाने आडदांड, दंडाचा घेर 41 सेंटिमीटर. त्यांच्या मुलाने त्यांना माझ्यासारखंच मशीन ऑनलाइन मागवून दिलं, सोबतच्या नेहमीच्या पट्ट्यासकट. एका रात्री जेवण झाल्यावर मोजलं: 166. घाबरून लगेच परत मोजलं: 174. पुन्हा 178. रात्री साडेअकराला रिक्षा करून एका खाजगी रुग्णालयात नेलं. रात्रभर ठेवलं, ईसीजी, रक्त, सोनोग्राफी. सकाळी 11,400 रुपये भरून घरी. कागदावर "बीपी वाढलेलं, पुन्हा दाखवणे" एवढंच. कुणी दंड मोजला नव्हता.

रविवारी ते हॉलमध्ये आले. पाच मिनिटं बसवलं, मोठा पट्टा बांधला, तर 144 आणि 90. त्यांचाच छोटा पट्टा लावला, तर 163. जाड दंडावर छोटा पट्टा बांधला की वाहिनी दाबायला जास्त हवा लागते, आणि मशीन ती हवाच दाब म्हणून दाखवतं. याचा रीतसर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी बाल्टिमोरच्या 195 लोकांवर पट्टे बदलून बदलून मोजलं, आणि 2023 मध्ये ते छापून आलं. ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा बांधला, तेव्हा वरचा आकडा सरासरी 19.5 ने जास्त आला. आमच्या काकांचा फरक 19. मी वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवलेत.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. काकांना काही झालेलंच नव्हतं, असं नाही. सात दिवस सकाळ-संध्याकाळ योग्य पट्ट्याने मोजल्यावर सरासरी 139 आणि 87 आली. दवाखान्यात 140/90 ही रेघ धरतात, पण घरी मोजताना ती 135/85 धरायची. म्हणजे बीपी होतंच. फक्त ते रात्री साडेअकराला रिक्षा करण्याइतकं नव्हतं. ते वहीत लिहून, शांतपणे, सकाळी डॉक्टरांना दाखवण्याचं होतं.

हॉलमध्ये मी काय काय बघते ते सांगते. माणसं जिना चढून येतात आणि खुर्चीवर टेकायच्या आत हात पुढे करतात. पट्टा फुगत असताना नातवाची फी सांगतात. पायावर पाय टाकून बसतात. लघवी अडवून बसलेली असतात. चहा पिऊन आलेली असतात. यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा चढतो, बोलण्याने तर दहापर्यंतही. मी कुणालाही पाच मिनिटं गप्प बसवल्याशिवाय बटण दाबत नाही. पाठ टेकलेली, पाऊलं जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. अर्ध्या तासात चहा-तंबाखू झाला असेल तर नंतर या म्हणते. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजते आणि दोन्ही आकडे लिहिते. सुरुवातीला लोक कंटाळले. आता आपणहून गप्प बसतात. सगळ्यांना बरं वाटतं बहुतेक, पाच मिनिटं कुणी काही विचारत नाही.

देशात किती जणांना बीपी आहे हे ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून कळतं, त्याच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत अशाच डिजिटल मशीनने घरोघरी जाऊन, एकेका माणसाचं तीन-तीनदा मोजलं होतं. सहा लाखांवर घरं. 15 वर्षांवरच्या बायकांत 21 टक्के, पुरुषांत 24 टक्के जणांना बीपी निघालं. पेपरात ते दोन आकडे एका ओळीत येतात. त्यामागे कुणीतरी दारात चप्पल काढून, "ताई, जरा बसता का" म्हणत पट्टा बांधलेला असतो. ते काम मी ओळखते.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सातारा जिल्हा बीपी आटोक्यात आणायच्या एका सरकारी कामात आला. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह, 2017 च्या अखेरीस सुरू झालेलं. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), केंद्राचं आरोग्य मंत्रालय, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारं मिळून. महाराष्ट्रात सुरुवातीला सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. त्याआधी आमच्याकडे बीपीच्या माणसाला पाच-सात दिवसांच्या गोळ्या मिळायच्या. दर आठवड्याला रोजगार बुडवून कोण येणार? दोनदा येत, मग बंद. काही महिन्यांनी कानावर यायचं, अमक्याच्या अंगावरून वारं गेलं. तसे अर्धांग झालेले चार चेहरे मला अजून आठवतात. चौघंही माझ्या रजिस्टरात होते, आणि चौघांच्याही नावापुढची शेवटची तारीख जुनी होती.

नव्या कामात फार अवघड असं काही नव्हतं. कोणती गोळी, किती ताकदीची, कमी पडली तर पुढे कोणती, हे एका कागदावर. महिन्याच्या गोळ्या एकदम, जमेल तिथे उपकेंद्रावरच. प्रत्येकाचं कार्ड, पुढे फोनमध्ये नोंद. आणि जो तारखेला आला नाही त्याची यादी, मग फोन, मग आशाताई घरी. दर तिमाहीला हिशोब व्हायचा, किती जणांचं बीपी 140/90 च्या खाली आलं याचा. जो आलाच नाही त्याला चांगल्यात मोजायची सोय नव्हती. 2020 च्या टाळेबंदीत आम्ही गोळ्या पिशवीत घालून वाडीवर नेऊन दिल्या. सप्टेंबर 2022 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा मी कळव्याच्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. बातमी मुलाने वाचून दाखवली. हात पिठाचे होते म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

म्हणून सोसायटीत कुणी म्हणतं, काकू, मशीन घेतलं, आता काळजी मिटली, तेव्हा मी त्यांना वही घ्यायला लावते. मशीनच्या आठवणीत दोन माणसांच्या साठ-साठ नोंदी राहतात, पण त्या बघायला कुणी बटणं दाबत नाही. चाळीस पानी वही दिसते. डॉक्टरांपुढे उघडता येते.

मशीनच्या खोडीही सांगते. बोलतं, पण इंग्रजीत आणि हिंदीत, आणि मोजायच्या वेळी बोलून माणसाला दचकवतं, म्हणून मी आवाज बंद केला. माहितीपुस्तकात मराठी नाही. पट्ट्याचा घेर किती हवा हे त्यात सतराव्या पानावर आहे, खरं तर ते खोक्यावर मोठ्या अक्षरात हवं. चार पेन्सिल सेल लागतात, रविवारच्या वापरात दोन महिने टिकतात. अ‍ॅडॉप्टर वेगळा विकतात. आणि ज्यांचे ठोके अनियमित आहेत त्यांच्यावर याचा भरवसा धरू नये. बी विंगमधल्या एका आजींवर तीन वेळा लावलं, दर वेळी पडद्यावर हृदयाचं चिन्ह लुकलुकलं आणि आकड्यांत वीसचा फरक. त्यांचं मी कानानेच मोजते, आणि त्यांच्या मुलाला ईसीजी काढून घ्यायला सांगितलंय.

पैशांचंही बोलते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, 2021-22 मध्ये तो 39.4 वर आला. उतरला हे चांगलं झालं. पण त्याच वर्षी सरकारचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या 1.84 टक्के होता, आणि 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात 2025 पर्यंत अडीच टक्के करू असं लिहिलेलं होतं. मधल्या त्या फरकात मला उपकेंद्रावरची रिकामी खुर्ची दिसते, महिनाअखेरीला संपलेल्या गोळ्या दिसतात. काकांचे 11,400 त्या 39.4 मध्ये येतात. टेप वीस रुपयांना मिळते.

घ्यायचं असेल तर दंडाचंच घ्या, आधी टेप घेऊन घरातल्या प्रत्येकाचा दंड मोजा, आणि त्या मापाचा पट्टा मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. या मशीनला माझ्याकडून पाचपैकी चार.

काका आता जवळच्या आरोग्य केंद्रातून अम्लोडिपिन ही बीपीची गोळी घेतात, लोणचं-पापड बऱ्यापैकी कमी केलंय. गेल्या रविवारी 128 आणि 80. केंद्रावरची पुढची तारीख 14 आहे, पण परवा मी पट्टीतल्या गोळ्या मोजल्या तर त्या 11 पर्यंतच पुरतायत. त्यांच्या सुनेला सांगून ठेवलंय, 10 ला कामावरून येताना घेऊन ये.