एसएलईएस घेताना: नारळाचा की मास बॅलन्सचा?

महापे-तुर्भे पट्ट्यात शाम्पू, हँडवॉश बनवणाऱ्यांना मोठं गिऱ्हाईक आज ना उद्या विचारतंच, "तुमच्या एसएलईएससाठी जंगल तुटलंय का?" एसएलईएस हा फेस आणणारा घटक, तो बहुधा पाम कर्नेल (पामच्या बीचा गर) किंवा नारळाच्या तेलापासून बनतो, आणि पामच्या बागांसाठी जंगलं तोडली गेली आहेत. आम्हाला विचारलं तेव्हा समोर दोन वाटा होत्या. नारळतेलापासूनचा 'पाम-मुक्त' माल, नाहीतर आरएसपीओ या पाम तेलाचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मास बॅलन्स पद्धतीचा (प्रमाणित आणि साधं तेल एकत्र, हिशेब वेगळा), पाम कर्नेलचा. खरेदी माझ्याकडे असल्याने दोन्ही घेऊन पाहिले.

फेसात किंवा मीठ टाकल्यावर येणाऱ्या दाटपणात आम्हाला फरक जाणवला नाही. दोन्ही तेलांत लॉरिक आम्ल जवळपास निम्मं असतं आणि त्यातून निघणारं सी 12-14 अल्कोहोल, म्हणजे एसएलईएसचा कच्चा माल, तेही सारखंच.

हे सारखेपणच पुढे नडलं. 'नारळाचा' म्हणून घेतलेल्या मालाचं घोषणापत्र आलं, त्यात स्रोताच्या रकान्यात लिहिलेलं: नारळ/पाम कर्नेल. मधल्या तिरक्या रेघेबद्दल फोन केला, तर पुरवठादार म्हणाले, ज्या तेलाचा भाव परवडतो ते घेतो. संध्याकाळपर्यंत नवं पत्र हजर, त्यात फक्त 'नारळ'. बॅच नंबर मात्र तोच! मालाचा नमुना तपासून तेल कुठल्या झाडाचं हे आमची लॅब सांगू शकत नाही. मग भिस्त उरते ती एका पत्रावर, आणि ते पत्र एका दुपारीत बदलतं. माझं मन तिथेच उडालं.

मास बॅलन्समध्येही टाकीत प्रमाणित आणि साधं तेल एकत्रच असतं, हे गिऱ्हाईकापासून लपवू नका. पण कारखान्याने जेवढं प्रमाणित घेतलं त्या हिशेबानेच तो प्रमाणित म्हणून विकू शकतो, आणि दरवर्षी बाहेरचा ऑडिटर तो हिशेब तपासतो. प्रमाणपत्राचा नंबर आरएसपीओच्या साइटवर आपल्यालाही पाहता येतो. 2018 च्या निकषांनुसार नव्या लागवडीसाठी जंगलतोड आणि पीटची (कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, दलदलीची) जमीन दोन्ही वर्ज्य आहेत. सुमात्रा-बोर्निओत झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही, हे मलाही बोचतं. तरी नारळाकडे वळून प्रश्न सुटतो असं वाटत नाही. पामची हेक्टरभर बाग वर्षाला फळ आणि कर्नेल मिळून साधारण 3 ते 4 टन तेल देते, नारळाची सहसा टनभरही नाही. एकूण तेल तेवढंच हवं तर जमीन जास्त लागणार.

वेगळा ठेवलेला, म्हणजे सेग्रिगेटेड माल मिळाला तर उत्तमच, पण कर्नेल अनेक मिलमधून गोळा होत असल्याने तो मिळवणं जिकिरीचं. क्रेडिट, म्हणजे प्रमाणित तेलाची नुसती कागदावरची खरेदी, स्वस्त पडतात, छोट्या शेतकऱ्यांची घेतलीत तर पैसा त्यांच्यापर्यंत पोचतो, मात्र तुमच्या ड्रमशी त्यांचा संबंध नाही. आणि कुठलाही एसएलईएस घ्या, त्यातलं इथिलीन ऑक्साइड बहुधा पेट्रोलियममधूनच येतं. 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' असं लेबलवर छापण्याआधी तेवढं विचारून घ्या.

नारळाचा पुरवठादार स्वतंत्र टाकी दाखवत असेल, तेलखरेदीची बिलं उघडी करत असेल, तर त्याचा जरूर विचार करा. मला तसा कुणी भेटला नाही. मास बॅलन्स घेतलात तर मध्ये कोण आहे ते बघा. व्यापाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल आणि भिवंडीच्या गोदामात तो ड्रम बदलून देत असेल, तर साखळी तिथेच तुटते. आम्ही तळोज्याहून थेट टँकर मागवतो आणि बिलावर प्रमाणपत्राचा नंबर व 'मास बॅलन्स' हे शब्द दिसल्याशिवाय टँकर रिकामा करून घेत नाही.