साडेचार एकर, तीन वर्षं आणि शेजाऱ्यांची तपासणी

परंपरागत कृषी विकास योजनेत, म्हणजे सेंद्रिय शेतीच्या सरकारी योजनेत, आमच्या गटाची तीन वर्षं यंदा पूर्ण झाली. यवतमाळ जिल्ह्यात माझी साडेचार एकर कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. नाव नोंदवू का, असं विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी लिहिते.

पैशाचं आधी. केंद्राची ही योजना २०१५-१६ पासूनची. आताच्या निकषांनुसार हेक्टरी ३१,५०० रुपये, तेही तीन वर्षांचे मिळून. त्यातले निविष्ठांचे, म्हणजे खत-बियाण्यासारख्या सामानाचे, १५,००० खात्यावर येतात, बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणीकरण आणि विक्रीसाठी. म्हणजे एकराला वर्षाकाठी दोन हजारांच्या आसपास. पहिल्या वर्षी उत्पादनात होणारी घट त्यात भरून निघत नाही. गोठ्यात जनावरं असतील आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुनिंब असेल तर जीवामृत, निंबोळी अर्क घरचाच होतो, तरच हिशेब जुळतो.

कापसाची अडचण वेगळीच. सेंद्रियमध्ये बीटी, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं, चालत नाही आणि आमच्याकडे दुकानात दुसरं काही सहज मिळत नाही. सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाच्या बियाण्यासाठी मी दोन तालुके फिरले. अनुदानाआधी हे बियाणं वेळेवर पोचवा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

योजनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र पैशाची नाही. पीजीएस म्हणजे सहभाग हमी पद्धतीत गटातलेच शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात. पहिल्या तपासणीला शेजारचे काका आले. गोठ्याच्या कोपऱ्यात युरियाचं रिकामं पोतं दिसलं. "सूनबाई, हे पोतं कधीचं होय?" जुनंच होतं, मी त्यात शेणी भरून ठेवत असे. त्यांनी तरीही ते कागदावर लिहिलं. मला फार लागलं, रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या हंगामात त्यांच्या धुऱ्यालगत शेजाऱ्याच्या फवारणीचा वास आला, तेव्हा मीही लिहिलं. काकांनी मुकाट्याने सही केली आणि त्या बाजूला तुरीच्या चार ओळी वेगळ्या काढून ठेवल्या. बाहेरच्या साहेबाला आम्ही कदाचित फसवलं असतं. रोज धुऱ्यावर भेटणाऱ्या माणसाला फसवता येत नाही.

विक्रीत योजना कमी पडते. गावाजवळच्या एका व्यापाऱ्याला प्रमाणपत्र दाखवलं, त्याने बघितलं आणि आमची तूर सगळ्यांच्याच ढिगात ओतली. भाव तोच. पीजीएसचा शिक्का देशातच चालतो, निर्यातीला एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाचं प्रमाणपत्र लागतं, हे नोंदणीच्या दिवशीच समजावून सांगायला हवं. आम्ही सात जणींनी मग तूर विकायचं थांबवून डाळ केली, एकेक किलोची पाकिटं भरली आणि यवतमाळात ओळखीच्या घरी दिली. तिथे भाव मिळाला.

पाचपैकी साडेतीन गुण. नोंदवायचं असेल तर आधी गट बघा, ज्याला तुमचं शेत उघडं दाखवता येईल अशा माणसांचा. आणि सरळ वाणाचं बियाणं मृगाच्या दोन महिने आधीच सांगून ठेवा.