बाईकसाठी मेकॅनिकचा स्टेथोस्कोप: कुठे कामाचा, कुठे फुकट

चार-पाचशे रुपयांत मिळणारी ही वस्तू दिसायला डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखीच, फक्त छातीवर टेकवायच्या चकतीच्या पुढे वीतभर पोलादी सळई. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावून मेस्त्री हेच काम करत आलेत. स्टेथोस्कोपमध्ये सायलेन्सरचा गोंगाट बराच गाळला जातो, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन बेअरिंगमधला फरक नवख्यालाही ऐकू येतो.

पण सळई टेकवण्याआधी आवाजाची बाजू ठरवा, नाहीतर पैसे पाण्यात. मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून पिकप (ॲक्सिलरेटर) सोडा. आवाज चाकाच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला तर दोष मागे: चेन, स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र), हब (चाकाचा मधला भाग) किंवा चाकाचं बेअरिंग. इंजिनाबरोबर लगेच पडला तर इंजिन किंवा क्लच. मग गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये, आयडलिंगला. क्लच दाबताच खडखड थांबली तर संशय क्लच हाऊसिंगच्या सैल स्प्रिंगवर किंवा गिअरबॉक्समधल्या क्लच शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट क्लच दाबल्यावरच घरघर सुरू झाली, तर प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटा दाबून धरणाऱ्या चकतीच्या) मधलं छोटं बेअरिंग गेलंय.

स्टेथोस्कोपची खरी किंमत इथे वसूल होते. एकच पिकप कायम ठेवून क्लच कव्हर, बेअरिंगच्या जागा आणि सिलिंडरचा तळ असे तीन-चार बिंदू सारख्याच दाबाने ऐकायचे. ॲल्युमिनियमच्या केसिंगमधून आवाज सगळीकडे पसरतो, त्यामुळे एका बिंदूवर 'सापडला' म्हणू नका. सर्वांत स्पष्ट आणि कोरडा कुठे येतो ते बघा. स्प्लेंडरसारख्या गाडीत क्लच उजवीकडे आणि टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह चालवणारी) डावीकडे, म्हणून निवाडा लवकर होतो. जुन्या बुलेटमध्ये प्रायमरी चेन (इंजिनाकडून क्लचकडे जाणारी), क्लच आणि पुढचं स्प्रॉकेट सगळंच डावीकडे. तिथे हे यंत्र चक्क गोंधळवतं.

चेनच्या आवाजाला मात्र याचा काडीचा उपयोग नाही. तिथे इंजिन बंद करून चाक हाताने फिरवा (बोटं स्प्रॉकेटपासून लांब!) आणि मोजपट्टी काढा. ४२८ मापाच्या चेनची एक कडी १२.७ मिलिमीटरची, म्हणजे चेन ताणून धरल्यावर २० कड्या २५४ भरायला हव्यात. २५९ च्या पुढे गेल्या तर चेन-किट बदला, दोन्ही स्प्रॉकेटसकट. जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. चेनची ढील बहुतेक १००-१५० सीसी गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. ती सर्वांत घट्ट जागी मोजायची. सैल जागी मोजून आवळली, की घट्ट जागा आल्यावर चेन गुणगुणते आणि पुढच्या स्प्रॉकेटमागचं बेअरिंग खाते.

पिकप देता-सोडता 'ठक्' येत असेल तर आधी हब रबर (हब आणि मागच्या स्प्रॉकेटमधले धक्के झेलणारे रबर) तपासा. चाक धरून मागचं स्प्रॉकेट पुढे-मागे हलवा. ते लगेच निसटल्यासारखं हललं तर रबर दबलेत. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढल्यावर शाफ्टच्या खाचांशी विटकरी भुकटी दिसली, तर स्प्रॉकेट खाचांत सैल आहे. स्प्रॉकेट जागेवर धरणाऱ्या लॉक प्लेटचे बोल्टही तेव्हाच बघून घ्या. या दोन्ही तपासण्या फुकटात होतात.

स्वस्त मालाची खोट सळईच्या आट्यांत असते. त्या सैल पडल्या की यंत्र स्वतःच किरकिरतं आणि दोष इंजिनाच्या माथी बसतो, म्हणून दर वेळी सळई पिळून घट्ट करा. रबरी नळी फूटरेस्टला किंवा गुडघ्याला घासली तरी कानात खरखर येते. आणि फिरत्या भागाला सळई कधीच लावू नका, कान बधिर होतात. चालत्या गाडीतच येणाऱ्या आवाजांसाठी चिमटे लावायचे मायक्रोफोन संच मिळतात, पण ते बरेच महाग. गॅरेजवाल्याने घ्यावेत, घरच्या एका गाडीसाठी नकोत.