बायोथेनची लांब दोरी: पावसाळ्यात हीच घ्या
कुत्र्याला मोकळं सोडण्याआधी हाकेचा सराव १० मीटरच्या लांब दोरीवर करायचा, आणि मुंबईत ती बायोथेनचीच हवी, म्हणजे प्लास्टिकचा थर चढवलेल्या पट्टीची. सुती दोरी जुलैत वाळता वाळत नाही, कुबट वास मारते. बायोथेनची चिखलात लोळली तरी ओल्या फडक्याने पुसली की झालं. लॅब्रेडॉरला १३ मिमी रुंदी पुरते. कडी पितळीच बघा. जुहूच्या खाऱ्या हवेत लोखंडी कडी गंजते, खटका अडकतो.

दोरी हार्नेसलाच, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्यालाच लावा. गळपट्ट्याला लावली आणि कुत्रा सुसाट सुटला, तर शेवटचा हिसका थेट मानेवर बसतो. टोकाला मुठीचा फासा नसलेलीच निवडा, झुडपात अडकत नाही. हाक एकदाच मारा. आला की लगेच नखाएवढा चिकनचा तुकडा. हातमोजे मात्र घालाच, सरसरत गेलेली दोरी तळहात सोलून काढते.